अनोळखी गिऱ्हाईक पाहिजे

मराठी माणूस धंद्यात पडत नाही, हे वाक्य आता पेन्शनीत काढायला हरकत नाही. नातेवाइकांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर जा. सकाळचं सुप्रभात आणि रात्रीची भावपूर्ण श्रद्धांजली यांच्या मधल्या वेळात कुणी ना कुणी काही ना काही विकत असतं. मावशी उकडीच्या मोदकांची नोंदणी घेत असते, चुलतबहीण खणाच्या पर्स दाखवत असते, भाचेसून शेळीच्या दुधाचा साबण आणते आणि तो खायचा नाही हे शेवटच्या ओळीत सांगते. ज्यांना यातलं काहीच जमत नाही ते ऑनलाइन धंदा कसा करावा याचे वर्ग घेतात. मूळ फी ४,९९९, फक्त आज रात्री बारापर्यंत ९९. माल आहे, विकणारे आहेत, पैसे घ्यायला क्यूआर कोड आहे. तुटवडा एकाच गोष्टीचा आहे. आपल्याला न ओळखणारं गिऱ्हाईक मिळत नाही.

आमच्या डोंबिवलीच्या वहिनी मेतकूट, थालिपिठाची भाजणी आणि गोडा मसाला विकतात, दिवाळीला फराळ. लेबलवर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक आहे, फोनात व्हॉट्सॲप बिझनेस आहे, त्यात मालाचा कॅटलॉग आहे. नव्हती ती फक्त योजना. ती आखायला त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, पुढे सरसावली, कारण ती बीएमएसच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला प्रोजेक्टला विषय हवा होता. मला सल्लागार नेमण्यात आलं. माझी पात्रता एवढीच, की मी ज्या कचेरीतून निवृत्त झालो तिचं मार्केटिंग खातं आमच्या वरच्या मजल्यावर होतं.

"आई, आधी कस्टमर डेटाबेस काढ," पुतणी म्हणाली. वहिनींनी कपाटातून आहेराची वही काढली.

बड्या कंपन्या ज्या माहितीसाठी पाण्यासारखा पैसा ओततात ती सगळी त्या वहीत निळ्या शाईत होती. नाव, गाव, नातं आणि पुढे आकडा. ५०१. १०१. स्टीलचा डबा. 'पाकीट रिकामं, बहुधा चुकून.' कुणाची ऐपत किती, ऐपत असून हात कुणाचा सुटत नाही, कोण जेवून गेलं आणि आहेर 'नंतर पाठवतो' म्हणालं, असा मागच्या सगळ्या कार्यांचा इतिहास. मोठ्या मुलाच्या लग्नाची यादी समोर ठेवून वहिनींनी चहा निवायच्या आत ग्राहकांचं वर्गीकरण उरकलं. "या घेतील, पण पैसे देणार नाहीत. या पैसे देतील, पण गावभर सांगतील की आम्ही मदत करतो हो तिला. या काही घेणार नाहीत, फक्त कृती विचारतील."

व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं बसतात आणि ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवून ठेवला आहे त्यालाच निरोप पोचतो. म्हणजे कंपनीनेच व्यवस्था करून ठेवली आहे, की तुमचा आवाज ओळखीच्या माणसांपलीकडे जाऊ नये. २५६ हा आकडाही अपुरा. आमच्याकडे एवढी माणसं तर मुंजीला केळवणाच्या वेळीच रुसलेली असतात.

मग पुतणीने कागदावर नरसाळं काढलं. एलायस सेंट एल्मो लुईस नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याने १८९८च्या सुमारास मांडलेला हा सिद्धान्त. आधी गिऱ्हाइकाचं लक्ष वेधा, मग त्याचं कुतूहल जागवा, मग इच्छा निर्माण करा, शेवटी ते खरेदी करतं. शंभराहून अधिक वर्षं जगभर हाच क्रम शिकवतात. नातेवाईक गिऱ्हाइकाच्या बाबतीत तो नेमका उलटा चालतो. पहिल्यांदा होते ती खरेदी, कारण 'आपल्या माणसाचं घ्यायला हवं'. घेतल्यावर इच्छा होत नाही, म्हणून डबा फळीवर जातो. पुढे कधीतरी कुतूहल जागं होतं: "यात नक्की काय काय घातलंयस गं?" आणि लक्ष सगळ्यात शेवटी, पावसाळ्यात, झाकण उघडल्यावर. लुईससाहेबांना चुलतसासू नसावी.

जेरोम मॅकार्थी यांनी १९६०च्या पुस्तकात मार्केटिंगचे चार 'पी' सांगितले: माल, किंमत, जागा आणि जाहिरात. त्यातल्या मालाची काळजी नव्हती. वहिनींच्या मेतकुटाबद्दल शत्रूही चांगलं बोलतात. घोडं अडलं ते किमतीपाशी, आणि तिथे ते आडवं होऊन झोपलं. डाळी, गहू, तांदूळ, मसाले, गॅस, गिरणीचं दळण, पाकीट, लेबल असा सगळा हिशोब झाला. पुतणीने विचारलं, "आणि तुझ्या मेहनतीचे?"

"मेहनतीचे कसले पैसे? मी तशीही घरीच असते."

या एका वाक्यावर महाराष्ट्रातला निम्मा गृहोद्योग उभा आहे आणि त्याच वाक्यामुळे तो उभाच राहिला आहे, चालू लागलेला नाही. पुतणी तासाला शंभर रुपये लावायचं म्हणत होती. दादा म्हणाला, एवढ्यात वाण्याकडे दोन पाकिटं येतात. दादा हा या उद्योगाचा अर्थमंत्री आहे आणि सर्व देशांतल्या अर्थमंत्र्यांप्रमाणे त्याचा स्वयंपाकघराशी संबंध नाही. अखेर पाव किलोला १९९ वर तह झाला.

दोनशे का नाही, तर एकशे नव्व्याण्णव कमी वाटतात, असं पुस्तकात आहे. मला गंमत याची वाटते, की आहेराच्या पाकिटात आपण एक रुपया वर घालतो आणि विकायच्या किमतीत एक रुपया खाली काढतो. तोच रुपया पिढ्यान्‌पिढ्या फिरत असावा. बाकी पुस्तकाची मात्रा ओळखीच्या गिऱ्हाइकाला लागू पडत नाही. त्याला १९९ दिसतच नाहीत. त्याला दीडशे दिसतात. "आपल्यात कसले एकोणपन्नास?" असं विचारून झालं की पुढचं वाक्य येतं, "संध्याकाळी जीपे करते हं." यूपीआय २०१६ साली आलं तेव्हा दोन सेकंदांत पैसे जातील असं सांगितलं होतं. ते खरंच आहे, दोनच सेकंद लागतात. फक्त 'करते हं' म्हटल्यापासून ते दोन सेकंद सुरू होईपर्यंत दिवाळीची संक्रांत येते. तगादा कसा लावणार? पूर्वी निदान वाण्याच्या दुकानात पाटी असायची. वहिनींनी स्टेटसला 'कृपया उधार मागू नये' ठेवून पाहिलं, तीन आत्यांनी वेगवेगळे फोन करून विचारलं, "हे माझ्यासाठी होतं का?" तिघींचंही बरोबर होतं.

किंमत चारचौघांत उच्चारायची नाही हा तर आपला अलिखित नियमच. फेसबुकवर साड्यांचं लाइव्ह बघा. "नंबर चौदा, सेमी पैठणी, सिंगल पीस, हवी असेल त्या ताईंनी पटकन स्क्रीनशॉट पाठवा." पदर, काठ, ब्लाउजपीस, उलटी बाजू, सगळं दाखवतील. खाली रांग लागते: "ताई, प्राइस?" "पीपी." "प्राइस प्लीज." आणि प्रत्येकीला उत्तर एकच, "इनबॉक्स केलंय ताई." ई-कॉमर्ससाठी २०२०मध्ये आलेल्या ग्राहक संरक्षण नियमांत विक्रेत्याने वस्तूची एकूण किंमत स्पष्ट दाखवावी असं लिहिलेलं आहे. तरी किंमत स्थळाच्या पगारासारखी कानातच सांगितली जाते. जाणकार म्हणतात, हा डावपेच असतो. प्रश्न जितके जास्त तितकी पोस्ट पुढे सरकते. असेल. वहिनींचा मात्र डावपेच नव्हता. त्यांनी लेबलवर १९९ हा आकडा एफएसएसएआयच्या क्रमांकापेक्षाही बारीक छापून घेतला होता. पैसे मागताना आपण काहीतरी अपराध करतो आहोत, ही भावना त्या टायपात उतरली होती.

जागा हा तिसरा 'पी'. ऑनलाइन धंद्याला दुकान लागत नाही, म्हणून भाडं नाही, असं वाटतं. ते भाडं कुरियरवाला घेतो. आणि तो वजनाने घेत नाही, आकाराने घेतो. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, पाच हजारांनी भागायचं, येतील तितके किलो. खरं वजन त्याहून कमी भरलं तरी पैसे या किलोंचे. पातळ पोह्यांचा चिवडा हा या सूत्राचा पहिला बळी. ४० बाय ३० बाय २५च्या खोक्यात चिवडा मावला अडीच किलो, पावतीवर भरला सहा. उरलेले साडेतीन किलो म्हणजे पोह्यांच्या मधली डोंबिवलीची हवा. ती हवा फुकट घ्यायलाही कुणी तयार नसताना नागपूरच्या मामेबहिणीकडून तिचे पैसे कसे मागायचे?

चकलीचं दुःख वेगळं. ती डोंबिवलीहून चकली म्हणून निघते आणि मुक्कामाला कडबोळ्याच्या तुकड्यांच्या रूपात पोचते. 'नाजूक माल' असं खोक्यावर लाल अक्षरांत लिहिल्यामुळे फेकणाऱ्याला नेमकं कुठे धरायचं ते कळतं, एवढाच फायदा. यात एकटा बेसनाचा लाडू सच्चा निघाला. आटोपशीर, वजनदार, आदळला तरी तक्रार नाही. फार तर चपटा होतो आणि चपटा लाडू घरगुती वाटतो. मेतकूटही तसंच गुणी. तेव्हा ठरलं, की लाडू आणि मेतकूट दूर धाडायचं आणि चिवडा रिक्षा जाईल तेवढ्याच अंतरात खपवायचा. पुस्तकांत मागणी पाहून माल ठरवतात. आमच्याकडे तो घनतेवर ठरला आणि त्या सबंध योजनेतला हा एकच निर्णय आजतागायत बदलावा लागलेला नाही.

परदेशच्या फराळाची तर निराळीच तऱ्हा. तिथे पैसे देणारं गिऱ्हाईक सदाशिव पेठेत असतं आणि खाणारं न्यूजर्सीत. खाणारा सांगत असतो, "आई, इथे सगळं मिळतं गं". देणारीला ते ऐकू येत नाही. धोरण आखायचं तर आईचं मन ओळखून आखायचं, मुलाच्या पोटाचा विचार करायचा नाही. हे आम्हाला उमगलं आणि त्याच वर्षी, २०२५मध्ये, अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली जकातमाफी २९ ऑगस्टपासून काढून टाकली. आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासूनच तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. ती सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, वसुबारसेला दोन दिवस उरले असताना. पुतणीच्या योजनेत 'धोके' असा एक रकाना होता. त्यात वहिनींनी 'पाऊस, गॅस संपणे, कामवाली बाई' एवढंच लिहिलं होतं. व्हाइट हाउसचं नाव त्यांनी मागाहून पेन्सिलीने घातलं.

चौथ्या 'पी'पाशी पुतणीने खरी शिकवणी घेतली. "आई, एक काल्पनिक ग्राहक ठरवायचा. डोळ्यांसमोर आण. वय चौतीस. राहते बाणेरला. आयटीत नोकरी. सकाळी वेळ नसतो. आजीच्या हातच्या मेतकूट-भाताची आठवण येते, पण करता येत नाही. ऑनलाइन पैसे लगेच भरते, घासाघीस करत नाही."

वहिनींनी हे सगळं मन लावून ऐकलं. मग म्हणाल्या, "ही आपल्या कुणाची?"

"कुणाची नाही गं. काल्पनिक आहे."

"नात्यात नाही, ओळखीत नाही, मग ती आपल्याकडून कशाला घेईल?"

पुतणी गप्प झाली. प्रोजेक्टसाठी तिने वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, कारण तो प्रश्न पडेल अशी शंका लिहिणाऱ्यांना आली नव्हती. त्यांच्या लेखी गिऱ्हाईक हे अनोळखीच असतं, जन्मतःच. आपल्याकडे माणूस विश्वासाने वस्तू घेतो ती आधी 'कुणाचा कोण' हे लावून. शाळेच्या दाखल्यापासून भाड्याच्या खोलीपर्यंत सगळं असंच मिळवलेल्या पिढीला, कुणीतरी केवळ मेतकूट चांगलं आहे म्हणून मेतकूट घेईल, ही कल्पना जरा अनैतिकच वाटते.

मी सल्लागार असल्यामुळे मला बोलणं भाग होतं. मी किर्लोस्करांचा दाखला दिला. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती त्या काळात ज्यांनी नांगर विकले, त्यांच्याकडे काही दोनशे छप्पन्न नातेवाइकांची यादी नव्हती. पुढे १९२०मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याची आणि मालाची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत न्यायची म्हणून सुरू झालेलं ते पत्र हळूहळू इतकं वाचनीय झालं, की नावातली 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' मासिक उरलं. हल्ली याला कन्टेन्ट मार्केटिंग म्हणतात आणि ते शिकवायचे पैसे घेतात.

वहिनींवर याचा परिणाम झाला नाही, कारण त्यांच्या मते नांगर ही गोष्ट वेगळी. त्यांना नवरात्राचे रंग पटले. ते पटण्यासारखंच उदाहरण आहे. महाराष्ट्र टाइम्सने या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत नवरात्रात रोज एक रंग छापायला सुरुवात केली आणि बघता बघता लोकलचा बायकांचा अख्खा डबा सकाळी एका रंगाचा दिसू लागला. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा. बहुतेक रंग वारांवर बेतलेले. देवीला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यात मोठी करामत शनिवारच्या करड्या रंगाची. करडी साडी कोण हौसेने घेतं? कुणाच्याच कपाटात नसते, म्हणून सगळ्यांनाच घ्यावी लागते. साड्यांचं लाइव्ह करणाऱ्या ताया गणपती उठले की करड्याचा साठा काढून बसतात. अनोळखी बायकांना एका दिवशी एकच गोष्ट हवीशी करून दाखवणारं हे मराठी डोकं एखाद्या विद्यापीठात अभ्यासाला लावायला हवं.

"मग आपण मेतकुटाचा वार करू," वहिनी म्हणाल्या. बुधवार धरला. टिकटॉकवर २०२०च्या जून महिन्यात बंदी आली आणि आठवडा-दीड आठवड्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, तेव्हापासून ज्याच्या हातात फोन तो दिग्दर्शक. पुतणीने रील काढलं. पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याला धरायचं असतं. वहिनींनी पहिल्या तीन सेकंदांत "नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे?" एवढं म्हणून पदर सारखा केला, मागे कुकरची शिट्टी झाली आणि चौकटीच्या एका कडेने दादा बनियनवर पेपर शोधत गेला. पुतणीच्या डोळ्यांत पाणी आलं. रील मात्र धावलं. खाली कमेंट आल्या: "मागच्या फळीवरचा पितळी डबा कुठे मिळाला?" "काकांना पेपर सापडला का?" "ताई, फरशी कोणती?" मेतकुटाची किंमत कुणी विचारली नाही, पण बघणारे अनोळखी होते, ही मोठीच मजल होती.

त्यानंतर समाधान मोजायचं ठरलं. फ्रेड रायशेल्ड यांनी २००३मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त सुचवलेली पद्धत अशी: गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारा, आमचं नाव दुसऱ्याला सुचवाल का, शून्य ते दहात सांगा. नऊ आणि दहावाले आपले प्रचारक. सात-आठवाले काठावरचे. सहा आणि खालचे सगळे नाराज. प्रचारकांच्या टक्केवारीतून नाराजांची वजा केली की धंद्याची प्रकृती कळते.

ही पद्धत बसवणाऱ्याने पुण्यात एकही रात्र काढली नसणार. दहापैकी दहा? आमच्या लहानपणी मराठीच्या पेपरात निबंधाला पंधरापैकी अकरा पडले तर घरी पेढे आणत. ज्यांनी असे पेपर तपासले आणि ज्यांनी ते दिले, तीच माणसं आता मेतकुटाला गुण देत होती. उत्तरं आली: "७. थेट माझ्या आईच्या हातची चव." "६. उत्तम. आणखी दोन पाकिटं पाठव." "८, पण मिठाचा हात आवर." एका निवृत्त मुख्याध्यापकांनी साडेपाच दिले आणि खाली लिहिलं, 'प्रगती समाधानकारक'. एकीने नुसता अंगठा पाठवला. तो कितीचा धरायचा यावर घरात मतभेद झाले. रायशेल्डच्या हिशोबाने धंदा उणे पंचेचाळीसवर होता, म्हणजे बंद करण्याच्या लायकीचा. त्याच आठवड्यात या सगळ्या नाराज लोकांनी पुन्हा ऑर्डर दिली. ज्याला नावं ठेवायला जागा सापडली नाही तो माणूस इथे खूश होत नाही, अस्वस्थ होतो. तेवढी जागा वहिनी मिठात ठेवतात, असा मला संशय आहे.

आणि मग ती आली. बडोद्याहून. नंबर अनोळखी, डीपीवर फूल. "मेतकूट अर्धा किलो, भाजणी एक किलो. पत्ता पाठवते. पैसे केले आहेत." पैसे खरोखरच आले होते; आधी, पूर्ण, न मागता. घरात कुणी मोठ्याने बोलेना. दादाने बँकेचा मेसेज दोनदा वाचला. पुतणीने लुईसचं नरसाळं भिंतीवर चिकटवलं. वहिनी पाकीट भरताना हात पुनःपुन्हा पुसत होत्या. पुतणीने बजावलं, "आई, फक्त 'धन्यवाद, पार्सल उद्या निघेल' एवढंच लिही. बाकी काही विचारू नकोस."

वहिनींनी तसंच लिहिलं. मग खाली, अगदी सहज, एक ओळ घातली: "आपण मूळच्या बडोद्याच्याच का?"

नाही, त्या मूळच्या चिपळूणच्या निघाल्या. चिपळूणला कुठे? पागेवर? दादाच्या आत्येचे दीर तिथे शिक्षक होते. कोणत्या शाळेत? अगं बाई, त्यांनीच तर मला गणित शिकवलं! म्हणजे तुम्ही त्यांच्या भाच्याच्या घरच्या? मग आपण तर त्यांच्या धाकटीच्या लग्नात एका पंगतीला असणार! फोन तासभर चालला. पार्सलात अनारशाचं पीठ फुकट गेलं, चिवडाही गेला, आकारमानाचा विचार न करता. पुतणीने प्रोजेक्टमध्ये 'कन्व्हर्जन' या मथळ्याखाली काय लिहावं म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, शंभर टक्के लिही.

बडोद्याची दुसरी ऑर्डर परवा आली. मेतकूट एक किलो, भाजणी दोन किलो, जमलं तर थोडा गोडा मसाला, आणि खाली: "दादांना नमस्कार सांगा. संध्याकाळी जीपे करते हं."